नाडी कुणाचंच ऐकत नाही

ऑपरेशन थिएटरमधल्या माझ्या मैत्रिणींकडे किस्से फारसे नसतात. त्यांचे पेशंट बेशुद्ध! आमच्या कॅथ लॅबमधला पेशंट मात्र टक्क जागा असतो. वरचा दिवा बघतो, बाजूचा स्क्रीन बघतो आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवतो. गोंदियातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी बरीच वर्षं सिस्टर होते, त्यामुळे माझ्याकडे किस्से साचत गेले. सांगायला बसले की घरचे म्हणतात, "झालं, आता ही काही उठत नाही!"

आधी थोडं समजून घ्या, म्हणजे मजा येईल. काही लोकांचं हृदय मधेच भलत्या तालात पळत सुटतं. त्यासाठी महिन्यातून एकदा नागपूरहून एक हृदयतज्ज्ञ आमच्याकडे यायचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. या कॅथ लॅबमध्ये जांघेतल्या शिरेतून ते बारीक तारा थेट हृदयापर्यंत न्यायचे, बिघाडाची जागा शोधायचे आणि तिथे चटका देऊन तो बिघाड मिटवायचे. आता, हृदयाला दोन प्रकारच्या नसा येतात. एक पळवते, दुसरी आवरते. तार आत गेली की या दोघींपैकी कोण कधी जागी होईल, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

*

आवरणारी नस जागी झाली की नाडी खाली येते, घाम फुटतो. पण त्याच्याही आधी बरेच पेशंट जांभई देतात. सरांचा या जांभईवर मॉनिटरपेक्षा जास्त विश्वास! जांभई आली की ते मान वर न करताच ओरडायचे, "ॲट्रोपिन!" म्हणजे नाडी वर आणणारं इंजेक्शन.

एकदा दुपारी सर तारेत गढलेले असताना मोठ्ठी जांभई ऐकू आली. "ॲट्रोपिन!" मी इंजेक्शन भरून धावले, तर पेशंटनं हात आखडूनच घेतला.

"मी नाही देली जी जांभई! त्यानं देली!" त्यानं बोट दाखवलं ते आमच्या टेक्निशियनकडे, कापगतेकडे.

कापगते डबाभर भात हाणून आला होता. हात जोडून म्हणाला, "मले सुई नका देऊ, सर. माझी नाडी ठीक हाय, भात जास्त झाला!"

त्या दिवसापासून लॅबमध्ये स्टाफला जांभई बंद. शिंक चालेल, खोकला चालेल, जांभई द्यायची तर बाहेर जाऊन!

*

दवनीवाड्याचे एक गृहस्थ आले होते. सहा फूट उंची, पिळदार मिशा, गावात कुणाची मारामारी सोडवायची तर यांनाच बोलावणं. मी जांघेला स्पिरिटचा बोळा लावला. नुसता बोळा! सुई अजून ट्रेमध्येच होती. साहेबांची नाडी धाडकन खाली, चेहरा पांढराफटक. पाय वर केले, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे माणूस जागेवर आला.

डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय? "सिस्टर, बाहेर माझ्या बायकोले सांगू नका!"

मी बाहेर जाऊन फक्त "जरा घाबरले होते" एवढंच म्हटलं.

बायको शांतपणे म्हणाली, "मले माहीत हाय जी. आमच्या घरी कोंबडी मीच कापतो."

*

भारनियमनाचे दिवस होते. हॉस्पिटलला जनरेटर होता, पण लोकांच्या डोक्यात सदा एकच विषय. चोरखमारा गावाकडचे एक आजोबा टेबलावर होते. मॉनिटरची टिकटिक चालू. सरांनी चटका दिला आणि तो नेमका आवरणाऱ्या नसेला लागला.

टिकटिक थांबली. म्हणजे हृदयच थांबलं!

असं होतं कधी कधी, आणि वेळ पडली तर ठोके चालवायला दुसरी तार आत तयारही असते. पण त्या क्षणी हे काही आठवत नाही. सरांनी चटका बंद केला, कापगतेचं बोट त्या दुसऱ्या तारेच्या बटणावर गेलं.

आजोबांनी डोळे किलकिले केले. "लाईन गेली का जी?"

आणि टिक... टिक... टिक!

"आली, आजोबा, आली," सर कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

आजोबा खूश. "आमच्या गावात इतक्या लवकर नाही येत!"

*

सगळ्यांनाच काही तारा घालाव्या लागत नाहीत. जोरात फुंकर मारली तरी आवरणारी नस जागी होते आणि काहींची पळती नाडी थांबते. म्हणून पेशंटच्या तोंडात रिकामी सिरिंज देतात आणि दट्ट्या सरकेपर्यंत फुंकायला लावतात. दट्ट्या जेमतेम हलतो, एवढंच.

एकदा लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला आला. जन्मभर फुंकण्याचाच धंदा! त्यानं गाल फुगवले आणि दट्ट्या उडाला तो थेट सरांच्या चष्म्यावर. नाडी मात्र पळतेच आहे.

"अजून फुंकू का, साहेब? आत्ता तं कुठं दम लावून राहिलो!"

"नको!" सर असे काही ओरडले की तो दचकला, त्याला ठसका लागला आणि नाडी गपकन जागेवर. पुढे कुणी विचारलं की सर सांगायचे, उपचार चष्म्यानं झाला!

*

आणि आता बिरसीकडची रेखा.

धान रोवायला वाकली की तिची छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ती बांधीतच, म्हणजे भातखाचरातच, चिखलात कोसळायची. गोंदियाला आणेपर्यंत सगळं शांत! ईसीजी नॉर्मल. प्रत्येक वेळी नॉर्मल. गावात तिचं नाव कामचोर पडलं. बाया तिला रोवणीला बोलावेनाशा झाल्या. घरात सासू तर तोंडावर 'ढोंगी' म्हणायची. सरांना मात्र तिचं खरं वाटलं. "तारा घालून बघू," म्हणाले.

टेबलावर झोपल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "आज नाही निघालं जी सिस्टर, तं मी जन्माची ढोंगी ठरतो."

आणि निघेना! सरांनी तारेतून ठोके दिले, नाडी पळवणारं औषध दिलं. रेखाचं हृदय शहाण्या मुलीसारखं आपलं टिक, टिक. जांघेत तारा, म्हणून वाकायला सांगायची सोय नाही. सर थकून म्हणाले, "काढूया तारा." रेखाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही आवरेना.

तेवढ्यात मला सुचलं. "सर, रोवणीत बांधावरून हिची सासू ओरडत असते, आणि ती बाहेरच बसली आहे. तिलाच बोलवू या का?"

सासूला काचेमागच्या खोलीत आणलं, तिच्यापुढे माईक ठेवला. सर म्हणाले, "रोवणीत बोलता ना, तसंच बोला. लाजू नका."

सासू कुठली लाजते! "काऊन वं झोपून राहिली? ऊठ! कामाचं नाव काढलं का हिचं ढोंग सुरू!" असा दणका सुरू झाला की कापगतेनं माईकचा आवाज कमी केला. नाडी ढिम्म. रेखाला त्याची सवयच होती.

मग बोलता बोलता सासूची नजर काचेतून आत गेली. त्या तारा, चादरीवरचं रक्त, पोरीचं ते रडणं. म्हातारी माईकवर वाकली.

"माय वं... इतकं कायले सोसून राहिली? मी तुले ढोंगी म्हणत होती. चुकलं माझं. तू बरी होय, बाई."

मॉनिटर किंचाळला. नाडी एकदम दीडशेच्या वर!

"धरा! हेच! हेच ते!" सर लहान मुलासारखे ओरडले. जागा सापडली, चटका दिला, नाडी शांत. नंतर सरांनी पुन्हा पुन्हा छेडून पाहिलं, परत काही आलं नाही.

रेखाला ट्रॉलीवर बाहेर आणलं. सासू वाटच बघत होती. तिनं सरांना अडवलं.

"डॉक्टरसाहेब, शिव्या देल्या तं काहीच नाही झालं. गोड बोलली तं नाडी इतकी पळाली. मंग आता घरी हिच्यासंग बोलू कसं जी?"



ट्रॉलीवरून बारीक आवाज आला, "शिव्याच द्या जी, आत्याबाई. फक्त ढोंगी सोडून!"