दंत्य अक्षरं

माझी अक्षरओळख छापखान्यात झाली. अब्बा घाटंजीतल्या एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे उचलून ओळी लावायच्या, हे त्यांचं काम. मी त्यांच्या मांडीवर बसून खिळ्यांच्या खणांत बोटं घालायचे. क-ख-ग घशातून, प-फ-ब ओठांतून, ही वर्गवारी मी शाळेच्या आधी तिथंच शिकले. त-थ-द-ध आणि स आले की अब्बा म्हणायचे, "जीभ दाताले लाव, बेटा. दाताचे अक्षर हाय ते. दाताबिगर येत नाही."

दिवसभर ते मालकाच्या लग्नपत्रिका जुळवायचे आणि काम संपलं की स्वतःची पत्रकं. हमालांची, शेतात निंदणाऱ्या बायांच्या मजुरीची, रेशनच्या दुकानाची. आमच्या घरात फळीवर पत्रक अंथरलेलं, वह्यांना कव्हर पत्रकाचं, शेंगदाणे पत्रकात बांधलेले. गोष्टीची पुस्तकं नव्हती. 'निषेध' हा शब्द मी 'परी'च्या आधी वाचला आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

बाजाराच्या दिवशी अब्बा हातगाडीवर उभे राहून बोलायचे. 'साथींनो' म्हणून सुरुवात करायचे तेव्हा मेथी-सांबाराच्या जुड्या विकणाऱ्या बायाही माना वर करायच्या. छापखाना बंद पडला, मालकानं तिथं मोबाइलचं दुकान काढलं, तरी भाषणं थांबली नाहीत. पत्रक आता ते हातानं लिहायचे आणि संगणकवाल्याकडून टाइप करून घ्यायचे.

मग त्यांची भाषा बदलली. 'साथींनो' जाऊन 'भाई-बहीणहो' आलं. 'संघर्ष'चा 'झगडा' झाला, 'शोषितां'चे 'गरीब', 'न्याया'ऐवजी 'हक', 'निदर्शनां'ऐवजी 'मोर्चा'. तहसीलदार तर सरळ 'कचेरीवाले' झाले. मला फार आवडलं ते. जड शब्दांनी चळवळी लोकांपासून तुटतात, असं माझं ठाम मत होतं आणि आहे. मी म्हटलंही, "अब्बा, आता कुठं तुमची भाषा लोकांची झाली." ते हसले. ओठ मिटून.

पुढं भाषणंही आखूड झाली. मग ते नुसतं पत्रक वाटायला लागले. लोक म्हणाले, चाचा थकले.

त्या वर्षी मला सर्वेक्षणाचं काम मिळालं होतं. शहरातली एक संस्था म्हाताऱ्या माणसांच्या दातांची पाहणी करत होती. दात किती आहेत, दुखलं तर कुठं जातात, दवाखाना किती लांब आहे. घाटंजी आणि कळंबकडच्या गावांत घरोघर जाऊन विचारायचं. मी मोठ्या तावात निघाले होते. आपल्याकडे दातांचं दुखणं हे दुखणं धरतच नाहीत, हे आता सगळ्यांसमोर येईल, अशी माझी समजूत.

पण प्रश्नच मोडका होता. 'दातांचा काही त्रास आहे का?' असं विचारलं की म्हातारी माणसं बोळकं उघडून दाखवायची.

"दातच नाही, तं तरास कायचा?"

"होता तवा होता. काहाडून टाकले. आता मस्त हाय."

म्हणजे उत्तर: त्रास नाही. ज्यांचे चार दात उरलेत त्यांना त्रास, ज्यांचे सगळे गेले ते ठणठणीत. संध्याकाळी मी संस्थेतल्या आमच्या मॅडमना फोन केला. म्हटलं, त्याऐवजी 'काय खायचं सोडलं?' असं विचारू या. हरभरा सोडला, भुईमुगाच्या शेंगा सोडल्या, ज्वारीची भाकर सोडली, हे लोक आपण होऊन सांगतात. मॅडम चांगल्या होत्या, पण दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "अर्ध्या गावांना एक प्रश्न आणि अर्ध्यांना दुसरा, असं नाही गं करता येत. पुढच्या वेळी बघू." त्यांचंही बरोबर होतं. मी भांडले, मग जुनाच प्रश्न विचारत राहिले. रोज उन्हात चालून भांडणसुद्धा पातळ होतं.

कळंबच्या पलीकडच्या एका गावात एक आजी भेटली. घरची शेती, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत टाकलेल्या. मी बसले, नाव-गाव झालं, तशी ती उठली.

"थांब पोरी, दात घालू दे मले."

कोनाड्यातल्या स्टीलच्या डबीतून तिनं कवळी काढली, लुगड्याच्या पदराला पुसली, तोंडात बसवली आणि एकदम ऐटीत समोर येऊन बसली. मी खूश झाले. कुणाला तरी कवळी मिळाली होती.

"आजी, मग आता सगळं खाता येत असेल."

"जेवतानी काहाडून ठेवा लागते ना. झिजून जाईन."

"मग कवळी कशाला?"

"बोलाले," ती म्हणाली. माझ्या अडाणीपणाची तिला मौज वाटली असावी. "खातानी कोन पाह्यते? भाकर वरनात कुस्करली का झालं. पन बिना दाताचं बोललं का शब्द फसकते. नातवंडं चाळे करून दाखवतात. म्या तं पाहुन्यासंग बोलनंच सोडलं होतं."

आत सून भांडी घासत होती. ती तिथूनच म्हणाली, "तवा बरं होतं, माय. घर शांत होतं."

"तुले तं तेच पाह्यजे," आजी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी हसले नाही. 'साथींनो', 'संघर्ष', 'निदर्शनं' असे अब्बांचे सोडलेले शब्द एकामागून एक डोक्यात येत होते. त, थ, द, स. दाताची अक्षरं. माझ्या बापानं भाषा सोपी केली नव्हती. त्यांच्या तोंडातून जे निघत नव्हतं ते त्यांनी एकेक करून काढून टाकलं होतं, आणि जुळाऱ्याच्या सवयीनं तिथं दुसरे खिळे बसवले होते.

घरी आम्ही आमच्या मिसळीच्या बोलीत बोलतो. जेवताना मी विचारलं, "अब्बा, दात की कुछ तकलीफ?"

"कुछ नहीं," ते म्हणाले. पोळी दुधात बुडवलेली होती. अम्मीनं माझ्याकडे पाहिलं आणि दुधाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. मलाही तेच उत्तर मिळालं होतं: त्रास नाही.

मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, काढायची सोय इथं आहे, बसवायची नाही. अब्बांचे दात असेच तर गेले होते. दुखला की गोळी, गोळीनं भागलं नाही की काढा. गरिबाच्या दाताला या दोनच वाटा आहेत. कवळीसाठी नागपूर. तीही एका फेरीत होत नाही: आधी माप, मग मेणाची, मग बसवून पाहणं, मग घासाघाशी. अब्बा एकदा आले माझ्याबरोबर. माप देऊन परतताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपले. पुढच्या फेरीची वेळ आली तेव्हा म्हणाले, "रहने दे बेटा. कमर अकड़ गई." मी हट्ट केला नाही. मलाही झेपलं नसतं.

मग मी तेच केलं जे मला येतं. पत्रक लिहिलं. मथळा होता, 'दात हासुद्धा हक्क आहे.' तालुक्याच्या ठिकाणी कवळी बनली पाहिजे, ही मागणी. एकाही ओळीत मी मवाळ झाले नाही. अब्बांना दिलं आणि म्हटलं, बाजाराच्या दिवशी तुम्हीच वाचा, तुमच्याशिवाय कोण वाचणार. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत मथळ्याशी थांबले. पुन्हा ओठ हलवले. मला तेव्हा कळलं की 'दात' या शब्दात दोनच अक्षरं आहेत आणि दोन्ही दाताची आहेत.

"हे तूच वाच, बेटा," ते म्हणाले. "मी उभा राहीन."

ते उभे राहिले. भोंग्याची वायर हातात धरून, तोंडावर रुमाल. मी हातगाडीवर चढून वाचलं. माझा आवाज चिरका आहे, मला माहीत आहे. पलीकडचा चपलांचा दुकानदार ओरडला, "कायचं औषध हाय ताई? मंजन काय?" त्याच्या भोवतीचे हसले. मी वाचत राहिले.

खाली उतरले तर समोर रांग. म्हातारी माणसं, हातात पिशव्या, कुणाच्या पिशवीतून वांगी डोकावत होती. भोंग्यावर 'दात' ऐकून त्यांना वाटलं होतं की शिबिर आहे.

"कवळी भेटून राह्यली ना?" पुढच्या म्हाताऱ्यानं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत मान मागे टाकून तोंड उघडलं. "पाहा, वरचे बी नाही न खालचे बी नाही."

"नाही बाबा," मी म्हटलं. "कवळी नाही. मागणी आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे मिळावी म्हणून मागतोय आपण."

तो तोंड मिटायचं विसरला. मागून एक बाई म्हणाली, "मंग कायले बलावलं लोकायले?" बोलावलं नव्हतं, पण तिचा राग मला पटला. काही जण गेले. रांग मोडली. म्हातारा तिथंच उभा राहिला, माझ्याकडे नाही, अब्बांकडे पाहत.

"चाचा, तुमी तं या पोरीचे बाप. तुमाले तरी भेटली का?"

अब्बांनी वायर गाडीवर ठेवली. रुमाल खाली केला आणि भर बाजारात, त्या म्हाताऱ्यासारखीच मान मागे टाकून, तोंड उघडून दाखवलं. म्हातारा जवळ येऊन नीट पाहू लागला. पाहून झाल्यावर म्हणाला, "माह्यासारखंच हाय," आणि पत्रक मागून घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. घडी करून त्यानं ते खिशात ठेवलं.

आम्ही भोंगा उतरवला. वायर गुंडाळताना अब्बा काहीतरी पुटपुटत होते, एकच शब्द, पुन्हापुन्हा, खिळा दाबून पाहावा तसा. मग माझ्या हातातलं उरलेलं पत्रक घेऊन त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं.

"इकडं 'कवळी' लिही," ते म्हणाले. "'कवळी' बराबर येऊन राह्यली."