देवळासमोरच्या गल्लीत घातलेली शपथ

सुजाता, आज मी तुझ्या मुलीशी खोटं बोलले.

एअरपोर्टवर. तुला शेवटचं घेऊन ती गावी, लांज्याला निघाली होती. आत जाण्याआधी मिठी मारून म्हणाली, “आंटी, इन जपान शी वॉज फाइन, ना?”

“हो बाळा. मस्त होती.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुजाता इथे कुवेतला, जाब्रिया भागातल्या हॉस्पिटलात नर्स होती. इथली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. परवा गेली.

गेल्या वर्षी तिच्या मुलीला, रियाला, कॅनडाच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. तिचाच हट्ट, म्हणून आम्ही तिघी जपानला गेलो.

टोकियोत एका देवळासमोर जुन्या दुकानांची गल्ली आहे. कागदी पंखे, लाकडी चपला, भाजलेले तांदळाचे पापड. सुजाता प्रत्येक दुकानात “लास्ट प्राइस?” विचारायची. बिचारे वाकून वाकून नमस्कार करायचे, भाव काही कमी करायचे नाहीत. हसून हसून पोट दुखलं.

देवळापुढे उदबत्त्यांचं एक मोठं धुमसतं भांडं होतं. आम्ही आपल्या सवयीने, आरती घेतो तसा धूर डोळ्यांना आणि डोक्याला लावला.

उदबत्त्या विकणाऱ्या आजी हसल्या. स्वतःचा गुडघा चोळून दाखवला. म्हणजे दुखतं तिथे लावायचा.

रिया फोटो काढण्यात गुंग होती. सुजाताने ओंजळीत धूर घेतला आणि ओढणीखाली छातीशी धरला.

“काय गं?”

“गाठ आहे.”

“दाखवलीस?”

“रिया एकदा गेली की दाखवते. आत्ता कळलं तर ती जायचीच नाही.”

मी ओरडले. भर गल्लीत.

“अगो, हळू! नर्स मी आहे की तू? माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, तिला सांगायचं नाही.”

नर्स म्हणे! दुसऱ्या बायकांनी तपासणीला उशीर केला की हीच झापायची त्यांना.

परत आल्यावर मी रोज भांडले. तिने माझा फोन घेणंच बंद केलं. रिया गेली, मगच बाईसाहेब डॉक्टरकडे गेल्या. तोवर फार उशीर झाला होता.

रडू येतंच आहे, पण राग जास्त येतोय गं तुझा. शपथ घालून तू सुटलीस.

रियाला आईबद्दल खरं कळायला नको? मला खरंच समजत नाही. पोटात ठेवून जीव गुदमरतोय, म्हणून इथे लिहितेय. तिला ही पोस्ट दिसणार नाही असं सेटिंग केलंय. कृपा करून कुणी स्क्रीनशॉट पाठवू नका.

विमानात बसल्यावर तिचा मेसेज आला.

“थँक्यू आंटी. नाहीतर कॅनडाला गेले म्हणून आय वुड नेव्हर हॅव फर्गिव्हन मायसेल्फ.”

जिंकलीस बाई.

श्रद्धांजली वगैरे नंतर वाहीन. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.