ओली माती यंत्राला चालत नाही

मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं नमुने वाळवण्यात, कुटण्यात आणि चाळण्यात गेली. अहवाल शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत त्याचं पीक गुडघ्याला लागलेलं असायचं. त्यामुळे मातीवर उजेड टाकून मिनिटभरात सेंद्रिय कर्ब, म्हणजे जमिनीचा कस, सांगणारं यंत्र आलं, तेव्हा वाटलं, सुटलो.

पण यंत्राला आधी आपल्याकडची माती शिकवायची होती. सटाण्यापासून निफाडपर्यंतचे नमुने पुन्हा जुन्याच पद्धतीने तपासले आणि ते आकडे त्याला दिले. काम दुप्पट झालं. खांदे भरून यायचे.

श्रावणात यंत्र घेऊन चांदवडकडच्या एका गावात गेले. शेत साठीच्या एका बाईंचं. नवरा गेल्यापासून सगळं त्याच बघत. एका तुकड्यात दरवर्षी कांदा पोसत नव्हता आणि यंदाच्या लागवडीचं रोप तर तयार होतं.

मी माती उकरली. पावसाने गच्च ओली.

"मावशी, ही वाळवावी लागेल. ओल्या मातीत हे चुकीचं सांगतं."

"मिनिटात सांगतंय म्हणाल्या ना तुमी?"

"वाळल्यावर मिनिटात."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पोतं अंथरलं, त्यावर माती पातळ पसरली. ढग आले की दोघी मिळून ती पडवीत ओढायचो, ऊन पडलं की परत बाहेर. पुढची गावं राहिली. पाय जड झाले होते, बोलायलाही नको वाटत होतं. त्यांनी न विचारता चहा आणून दिला.

दुपार कलताना आकडा आला. कर्ब फारच कमी.

"मंजे जमीन दमली हाय," त्या म्हणाल्या.

"या हंगामात कांद्याऐवजी ताग पेरून तो हिरवाच मातीत गाडलात, तर कस वाढेल."

"आन् रोप?"

मी पुन्हा तपासायला थोडी माती पिशवीत भरून घेतली.

परत आले तरी तो आकडा मनातून जाईना. यंत्र चुकलं असेल तर बाईचा हंगाम गेला. पिशवीभर माती आणली होती, ती स्वतः जुन्या पद्धतीने तपासली. आकडा जवळपास तोच. लगेच फोन केला.

"ताई, रोप दिराला दिलं. ताग पेरून बी झाला," त्या म्हणाल्या. "तुमी एवढा येळ माती वाळवीत बसल्या, मंजे खरंच आसंल म्हटलं."

पुढच्या वर्षी त्या तुकड्यात कांदा जरा बरा आला. फार नाही. अजून एकदा ताग करावा लागेल, असं मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.