मामांचा एकेचाळिसावा अर्ज

म्हैसुरात आमच्या आत्याच्या यजमानांइतका शिस्तीचा माणूस झाला नाही, होणार नाही. आणि गंमत अशी, की बेशिस्तीचा सरकारी शेराही आमच्या घराण्यात त्यांच्याच नावावर! फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे मामा कोथिंबीर आणायला निघाले तरी बुटांना पॉलिश. येलवालची बस जरा उशिरा आली, तर कंडक्टरला कानडीतून असं झापत, की तो बिचारा सीट पुसून देई. ताटात इडल्या तिरक्या वाढल्या, की आत्याला म्हणत, "रांग बघ, रांग!"

शेरा होता तरुणपणी रजेवरून एक दिवस उशिरा पोचल्याचा. परत निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा. पणजोबांची तलवार पूजेत मांडलेली. दशमीला ती उचलेपर्यंत घरातल्या शिपायानं उंबरा ओलांडायचा नाही, ही आम्हा जुन्या पलटणवाल्यांची रीत. त्यांच्या अप्पांनी बूट लपवले, दाराला कडी घातली आणि स्वतः दाराशी बसले. तिकडे कागदावर लाल शाईत चढलं, 'विनाकारण गैरहजर'. माझ्यापायी पोराचा कागद डागाळला, असं अप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले.

मग काय, मामा सांगणार आणि मी अर्ज लिहिणार. पूर्ण शेराच पुसायला सांगू या, असं म्हटलं की भडकत. "गैरहजर होतो, अल्वा?" हे 'हो की नाही' कानडीतून. " ते राहू दे. पण विनाकारण कसं? कारण दाराला कडी घालून बसलं होतं." दर वेळी उत्तर येई, विचार चालू आहे. मामा त्याच दिवशी पुढचा अर्ज सांगायला बसत.

एकेचाळिसाव्याचं उत्तर मात्र जाडजूड लखोट्यातून आलं. पोस्टमन नवमीला आमच्याकडे प्रसादाला आला, तो आदल्या दिवशीची रजिस्ट्री घेऊनच. अख्खी गल्ली गोळा झाली! आणि या माणसानं काय करावं? लखोटा न फोडता तलवारीपाशी ठेवला आणि वर कुंकू वाहिलं. झालं! पूजेतली वस्तू, आता उद्यापर्यंत हात लावायची सोय नाही. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. मी नुसती वाकून बघायला गेले, तर मागून आवाज आला, "सावधान!"

दशमीला सकाळी तलवार उचलली, लखोटा फोडला. मी मोठ्यानं वाचलं: 'विनाकारण' हा शब्द वगळून 'कौटुंबिक धार्मिक कारणामुळे' अशी दुरुस्ती मंजूर. मी ओरडलेच! आत्या हसता हसता रडायला लागली. मामा कागद घेऊन अप्पांच्या फोटोसमोर गेले, टाचा जुळवल्या, कडक सलाम केला. मग हळूच म्हणाले, "अप्पा, कागद साफ झाला. आता कडी काढा."