एक ठोका चांगला, दोन वाईट

जुनी बोट घ्यायची तर आधी जोमाला दाखवा, असं उरणपासून बेलापूरपर्यंत खाडीकाठचा कोणीही सांगायचा. बोटीच्या बुडाला प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी मारत जोमा फिरे आणि फायबर कुठे सडलंय तिथे खडूने फुली मारे. चांगलं फायबर टणक वाजतं, पाणी मुरलेलं बद्द वाजतं. विद्या एवढीच, पण तिच्यावर त्याने नाव कमावलं होतं आणि गडी ते मिरवायचाही. लग्नाच्या मांडवात कोणी बोलावण्याआधीच खुर्ची ओढून पुढे बसायचा.

खरी गोष्ट नवरा-बायकोलाच ठाऊक होती. ग्राइंडर आणि इंजिनांच्या घरघराटात उभा जन्म घालवून जोमाचे कान केव्हाच कामातून गेले होते. समोर उभं राहून कोणी मोठ्याने बोललं तर कळायचं, बाकी सगळा ओठांवरून अंदाज. ऐकायची ती त्याची बायको, पुतळा. ती केबिनमध्ये उतरायची आणि बाहेरचा कालवा आत जाऊ नये म्हणून जोमा वरचं झाकण ओढून बाहेरून कडी लावायचा. मग एक हात बोटीवर टेकवून तो दुसऱ्या हाताने हातोडी मारायचा आणि ती आतून खाडीतल्या गोट्याने उत्तर द्यायची. ते उत्तर त्याला तळव्याला कळायचं. एक ठोका म्हणजे चांगलं, दोन म्हणजे सडकं. तीन म्हणजे उघड, जीव गुदमरतोय. आत माणूस शिजून निघेल असा उकाडा, पण अगदी असह्य झाल्याशिवाय पुतळाने तीन ठोके कधी दिले नाहीत. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई आत बॅटरी धरायला जाते.

फाल्गुनात पुतळा झोपेतच गेली. तिचा गोटा जोमाने देव्हाऱ्यात ठेवला आणि काम बंद केलं. पोरगा नोकरीला होता, अडत काहीच नव्हतं. पण नाक्यावर कोणीतरी म्हणालं, 'जोमा आता बसला,' आणि ते नेमकं त्याला ओठांवरून कळलं. ते त्याला फार झोंबलं. म्हणून धनाजीशेट बोलवायला आला तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही.

धनाजी मूळचा साताऱ्याकडचा, एपीएमसीत कांद्याचा व्यापारी. आवाज लिलावात कमावलेला, त्यामुळे जोमाला तो सोयीचा. दोघं जासईच्या खालच्या अंगाला, कंटेनरच्या रांगांमागच्या एका यार्डात आले. भरदुपार होती. ओहोटीने चिखल उघडा पडला होता आणि माणूस दिसत नव्हतं. लाकडी टेकूंवर पांढरी केबिनची बोट उभी होती, नव्या रंगाने चकचकीत.

"काका, मोनाली माझी एकुलती एक. तिच्या वाढदिवसाला समद्या मैत्रिणींना घिऊन ह्यातनं फिरायचं ठरलंय," धनाजी म्हणाला. "तुमी व्हय म्हनलं की झालं. मला कायबी टेन्शन न्हाय."

जोमाने मान हलवली. त्याचं घरूनच ठरलं होतं. चार ठिकाणी ठोकायचं, एखादी फुली मारायची आणि 'घ्या' म्हणायचं. शिडीवरून चढून त्याने केबिनमध्ये डोकावलं. फाटकी गादी, एक लाइफ जॅकेट, दुसरं काही नाही. त्याने झाकण ओढलं आणि सवयीने कडीही लावली. खाली उतरल्यावर ते ध्यानात आलं आणि त्याचे डोळे भरले.

डावा हात बोटीवर टेकवून त्याने पहिली हातोडी मारली. तळव्याला एक ठोका लागला.

हातोडीचाच हादरा असेल असं त्याला वाटलं. तो दोन पावलं सरकला, पुन्हा मारली. पुन्हा एक. त्याने हातोडी नुसतीच उगारून धरली, तेव्हा आतून काही आलं नाही. मारली की ठोका येत होता, पुतळाच्याच सवयीचा, क्षणभर थांबून दिलेला. जोमाला घाबरायला हवं होतं. त्याला आनंद झाला, इतका की लाज वाटावी.

मागच्या अंगाला, इंजिनाखाली, दोन ठोके आले. रंग तिथेही तुकतुकीत होता. त्याने पुन्हा मारून पाहिली, तर दोन आले, जोरात. पुतळा चिडली की असेच द्यायची. जोमाने खिशातल्या चाकूने रंग खरवडला. फायबरचा पापुद्रा सुटला, आतून तपकिरी पाणी ओघळलं आणि शिरक्यासारखा आंबट वास पसरला.

"शेट, ही नको. पोरींना ह्यान बसवू नका," तो म्हणाला. "आनि खरा सांगतो, मना आयकू येत नाय. आयकाची ती माझी बायको. नाव माझा झाला."

धनाजीचं लक्ष त्या पाण्याकडे नव्हतंच. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "ते ऱ्हाऊ द्या, काका. आत कोन हाय?"

"कोनी नाय."

"मग मगाधरनं उत्तर कोन देतंय? दगडानं ठोकल्यावानी वाजतंय."

जोमाचा हात अजून बोटीवरच होता. तळव्याला ठोके लागले. एक, दोन, तीन. धनाजी मागे सरकला आणि वळून फाटकाकडे पळत सुटला.

जोमा हलला नाही. कडी उघडली नाही तर ती आत राहील. सडकी तर सडकी, ही बोट आपणच घ्यावी, अंगणात उभी करावी आणि रोज येऊन हातोडी मारावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग पुन्हा तीन ठोके आले. या वेळी हळू, थांबत थांबत. दुसऱ्यांदा मागावं लागेल अशी वेळ त्याने तिच्यावर कधीच आणली नव्हती.

तो शिडीवरून धडपडत चढला, कडी काढली आणि झाकण लोटलं. तोंडावर गरम हवा आली. खाली तीच गादी, तेच जॅकेट. नेहमीसारखा त्याने तिला वर ओढायला हात आत घातला. "ये गो," म्हणाला आणि हाताला रग लागेपर्यंत तसाच वाकून राहिला.

मग तो खाली उतरला. जिथे पहिला ठोका आला होता तिथे हात टेकवला आणि हातोडी मारली. थोडं थांबून पुन्हा मारली. तळव्याला हातोडीचा हादरा लागला, तेवढाच.