शेवटच्या थांब्यापर्यंत

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. दोन सुनांमधली ती धाकटी. घर दोन खोल्यांचं, माणसं आठ. रात्री आतल्या खोलीत बायका नि मुलं, बाहेर पुरुष. लग्नाला पाच वर्षं होत आली, तरी नवऱ्याशी घरातलं बोलणं ‘अहो, डबा घेतलात का’ याच्या पुढे सरकत नव्हतं. सरकायला जागाच कुठे होती!

ती लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची, नवरा बस चालवायचा. काम सुटलं की ती त्याच्याच बसमध्ये चढे. घराचा थांबा येई, पण ती उतरत नसे. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली की तो इंजिन बंद करी, पाण्याची बाटली पुढे करी आणि जरा वेळ ती दोघं नवरा-बायको असत. तिथं ‘अहो’ गळून पडे.

“तुला निळा रंग आवडतो, हे मला आज कळतंय,” तो एकदा म्हणाला.

“विचारलंस कधी?”

“कुणाकुणासमोर विचारू?”

मग थोरल्या दिरांना कारखान्याजवळ जागा मिळाली. त्यांचं बिऱ्हाड हललं तशी सासूबाईंनी स्वतः आतली खोली झाडली. “आता तुम्ही दोघं इथं,” एवढंच म्हणाल्या, मान वर न करता. पहिल्या रात्री दोघं सवयीनं कुजबुजतच बोलली. ते लक्षात आल्यावर असं हसू फुटलं, की तोंडावर उशी दाबावी लागली.

आठवडा सरतोय तोच नणंद दोन मुलींना घेऊन दारात उभी राहिली. हातात बॅग, डोळे सुजलेले. सासूबाई एकदा लेकीकडे बघत, एकदा आतल्या खोलीकडे. सासरे उगाच चष्मा पुसत बसले. शेवटी धाकटीच उठली.

“ताई, सामान आत ठेवा. मुली दमल्यात.”

संध्याकाळी ओट्याशी येऊन नवरा हळूच म्हणाला, “रागावलीस?”

“नाही रे. पण तुझं घोरणं आत्ता कुठे अंगवळणी पडत होतं.”

तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “एकदा आपली स्वतःची जागा झाली ना...”

“हं,” ती म्हणाली. पुढचं तिला तोंडपाठ होतं, तरी ते ऐकावंसं वाटत होतं. तेवढ्यात नणंदेची छोटी आली, दोघांच्या मधे शिरून उभी राहिली आणि म्हणाली, “मामी, पाणी.”