पाय आधी बघावेत

माझ्या रूम पार्टनरइतका पारखी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अडचण एवढीच, की त्याची सगळी पारख बैलांवर तयार झालेली. कुंभार पिंपळगावला त्याच्या घरी आजोबांपासून बैलांचा व्यापार. जालना शहरात मस्तगडच्या आमच्या खोलीत आम्ही दोघं कॉलेज करत चित्रांना टॅग लावायचं ऑनलाइन काम करायचो. लॅपटॉपवर योद्धे, खेळाडू, राजकन्या यांची चित्रं यायची आणि प्रत्येकाची अंगकाठी ठरवायची. काटक, सडपातळ, पोटावर हलक्या रेघा असतील तर ‘अ‍ॅथलेटिक’. दंड आणि छाती फुगलेली असेल तर ‘मस्क्युलर’. निदान मला तरी ते सोपं वाटायचं.

तो मात्र कुठलंही चित्र पायांकडून बघायला लागायचा. आधी घोटे, मग पिंडऱ्या, मग पाठ, आणि वेळ उरलाच तर तोंड. कमरेपर्यंतच काढलेलं चित्र आलं की भडकायचा, “पाय कुठंयत ह्याचे? झाकून ठेवलेत म्हंजे खोड हाय बराबर!” एकदा डोंगराएवढ्या छातीचा तलवारवाला आला, पण पिंडऱ्या काड्यांसारख्या. मी भीत भीत म्हणालो, “मस्क्युलर लाव ना.” “बिलकुल न्हाई. पेंड चारून बाजारासाठी फुगवलाय ह्याला. औताला जुंपला की बसंल खाली.” मग बुजतो का बघायला त्यानं पडद्यावर थाप मारली आणि ‘बाजारू’ असा नवाच टॅग लावला. एका नाजूक राजकन्येच्या पिंडऱ्या बघून मात्र त्यानं हात जोडले आणि तिला ‘मस्क्युलर’ करून टाकलं.

शेवटी काम देणाऱ्या मॅडमचा फोन आला. आणखी एकच गठ्ठा मिळेल, त्यात असले टॅग दिसले तर काम बंद. त्या कामावर त्याचं खोलीभाडं चालायचं. ते गेलं तर कॉलेज सोडून एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भावासोबत उभं राहायचं, हे घरी ठरलेलंच होतं. मी म्हणालो, “मी सांगतो ते दाबत जा.”

“तू पसंत केलेला बैल मी घेऊ? बापाला तोंड कसं दाखवू?”

तरी त्या गठ्ठ्यात त्यानं नेटानं टॅगचा नियम पाळला. प्रत्येक चित्राची आधी माफी मागायचा, मग टॅग लावायचा. शेवटच्या चित्रात एक धिप्पाड योद्धा दगडावर बसलेला, तलवार बाजूला, खांदे पडलेले. तो बघतच राहिला.

“मस्क्युलर,” मी हळूच म्हणालो.

“हाय ना. पण दमलाय रे हा.”

आणि त्यानं लिहिलं, ‘दमलेला. पाणी पाजा.’

काम गेलं. पुढच्या आठवड्यात तोही खोली सोडून गेला.

परवा रविवारी तो मिलमधून भेटायला आला. दारातच उभा राहून, बाह्या वर करून म्हणाला, “सांग आता, मी कोणता?” दंड खरंच फुगले होते. नियमाप्रमाणे उत्तर सोपं होतं. मी आधी त्याच्या पायांकडे बघितलं. मग आत गेलो आणि तांब्या भरून आणला.